झाकली मूठ उघडताना : ‘फ्लेक्ससर्व्ह’ सहा वर्षं वापरल्यावर

“मॅडम, हे सगळं ठीक आहे. पण ती बाई मला विचारते, दोन वर्षांनी मी असेन का? तिला काय सांगू, शून्य पॉइंट सात?”

कर्करोगाची ऑपरेशनं करणाऱ्या एका सर्जननी माझ्यापुढचा कागद माझ्याकडेच परत सरकवत हे विचारलं, त्याला आता सहा वर्षं झाली. कागदावर कॉक्स मॉडेलचा, म्हणजे कोण किती काळ जगतं याच्या नेहमीच्या गणिताचा, तक्ता होता. हॅझर्ड रेशो म्हणजे दोन गटांच्या धोक्यांचं गुणोत्तर, त्याच्या ९५ टक्के मर्यादा, पी-व्हॅल्यू, सगळं जागच्या जागी. फक्त त्यांच्या पेशंटच्या प्रश्नाचं उत्तर त्यात कुठेच नव्हतं. मी संख्याशास्त्राची. डॉक्टरांच्या प्रबंधांचं आणि शोधनिबंधांचं गणित बघणं हा माझा रोजचा उद्योग, आणि तोवर मी कॉक्सवर डोळे मिटून विसंबून होते. त्या संध्याकाळी ‘आर’मध्ये, म्हणजे संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये, ‘फ्लेक्ससर्व्ह’ हे पॅकेज उतरवून घेतलं. तेव्हापासून ते माझ्या कामातून गेलेलं नाही. इतकं वापरून झाल्यावर त्याच्याबद्दल लिहायला हवं असं बरेच दिवस मनात होतं. घाईत असाल तर एवढंच वाचा : पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईलच.

कॉक्सचं मॉडेल १९७२चं. त्याची खुबी अशी की काळाबरोबर धोका कसा चढतो-उतरतो, म्हणजे बेसलाइन हॅझर्डचा आकार काय, हे न सांगताच दोन गटांची तुलना करता येते. मृत्यू कोणत्या क्रमाने झाले तेवढंच ते बघतं. पहिल्या आणि दुसऱ्या मृत्यूत चार दिवस गेले की चार महिने, क्रम तोच राहिला तर गुणोत्तर तसूभरही हलत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, तशातला प्रकार. मूठ झाकलेली असल्यामुळे आत काय आहे याबद्दल चूक होण्याची भीतीच नाही. पण पेशंट नेमकं मुठीत काय आहे तेच विचारतो. ब्रेस्लोच्या पद्धतीने ती मागाहून उघडता येते, नाही असं नाही. मात्र हाती लागतो तो पायऱ्यापायऱ्यांचा आलेख, प्रत्येक मृत्यूला एक पायरी. तिसऱ्या वर्षी धोका वाढतोय की ओसरतोय, हे त्या पायऱ्यांवरून सांगायला गेलं की माणूस अंदाजपंचेच बोलतो. आणि एक गोष्ट मी कॉक्सच्या कडव्या भक्तांना मुद्दाम सांगते : खुद्द कॉक्स यांनी संख्याशास्त्रज्ञ नॅन्सी रीड यांच्याशी झालेल्या, १९९४ साली छापून आलेल्या संभाषणात आपला स्वतःचा कल पॅरामेट्रिक मॉडेलकडे, म्हणजे धोक्याचा आकार समीकरणाने उघड मांडणाऱ्या मॉडेलकडे, असल्याचं सांगितलं होतं.

दुसऱ्या टोकाला जुनी पॅरामेट्रिक मॉडेलं. एक्स्पोनेन्शियल म्हणतं, धोका कायम सारखाच. वायबुल म्हणतं, तो एक तर चढत जाईल नाहीतर उतरत जाईल, मधे वळायचं नाही. शरीराला हा नियम कोणी सांगितलेला नसतो. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पहिले काही दिवस धोका जास्त, मग तो खाली बसतो आणि रोग उलटायच्या सुमाराला पुन्हा डोकं वर काढतो. या दोन टोकांच्या मधली वाट पॅट्रिक रॉयस्टन आणि महेश परमार यांनी २००२ साली ‘स्टॅटिस्टिक्स इन मेडिसिन’मध्ये मांडली. फ्लेक्ससर्व्ह त्याच वाटेवरचं. ते लिहिलं क्रिस्टोफर जॅक्सन यांनी, केंब्रिजच्या एमआरसी बायोस्टॅटिस्टिक्स युनिटमध्ये. त्यांचा पॅकेजवरचा लेख २०१६चा, आणि तो पॅकेजबरोबरच मिळतो. सॉफ्टवेअरबरोबर येणारी माहितीपत्रकं मी सहसा वाचत नाही. ही वाचली, दोनदा.

नवीन येणाऱ्याला मी पद्धत कागदावर काढून दाखवते. आडव्या अक्षावर काळाचा लॉग. उभ्या अक्षावर साचत जाणाऱ्या धोक्याचा, म्हणजे क्युम्युलेटिव्ह हॅझर्डचा लॉग. या कागदावर वायबुल म्हणजे सरळ रेघ. रॉयस्टन आणि परमार म्हणाले, ती सरळच कशाला हवी, जरा वाकू द्या. पूर्वी जहाजांचे आराखडे काढणारे कारागीर लाकडाची लवचीक पट्टी वजनांनी ठिकठिकाणी दाबून धरायचे आणि तिच्या कडेने गुळगुळीत वळण काढायचे. त्या पट्टीला स्प्लाइन म्हणत. इथेही पट्टीच आहे, फक्त समीकरणांची. दाबून धरायच्या जागांना ‘नॉट’ म्हणतात, मी गाठी म्हणते. दोन गाठींच्या मधे तिसऱ्या घाताचं समीकरण, गाठीवर सांधा दिसू नये अशी जुळणी, आणि दोन्ही टोकांच्या गाठींपलीकडे पुन्हा सरळ रेघ. ही टोकाची अट लक्षात ठेवा, ती पुढे एकदा आपला घात करणार आहे.

‘फ्लेक्ससर्व्हस्प्लाइन’ या फंक्शनला नेहमीच्या सूत्राबरोबर फक्त ‘के’ द्यायचा, आतल्या गाठी किती ते. के शून्य म्हणजे साधं वायबुल. के एक म्हणजे घटना घडलेल्या काळांच्या मध्यकावर एक गाठ. के तीन म्हणजे तिन्ही चतुर्थकांवर एकेक. सेन्सॉर झालेल्यांचे, म्हणजे निरीक्षण संपेपर्यंत ज्यांच्या बाबतीत घटना घडली नाही त्यांचे, काळ गाठी ठरवताना धरत नाहीत आणि ते बरोबरच आहे. जिथे काही घडलं तिथेच पट्टी वाकवायला आधार मिळतो. ‘स्केल’ बदलला की तीच पट्टी वेगळ्या कागदावर ठेवली जाते : हॅझर्डऐवजी ऑड्स म्हटलं की प्रपोर्शनल ऑड्स मॉडेल, नॉर्मल म्हटलं की प्रोबिट. त्यांतही के शून्य ठेवला तर अनुक्रमे लॉग-लॉजिस्टिक आणि लॉग-नॉर्मल निघतात. एमएस्सीला ही तिन्ही मॉडेलं आम्ही तीन वेगळ्या प्रकरणांत घोकली होती. ती एकमेकांची सख्खी भावंडं आहेत हे मला या एका आर्ग्युमेंटमुळे कळलं.

करून बघायला पॅकेजमध्येच ‘बीसी’ नावाचा डेटा आहे. जर्मन ब्रेस्ट कॅन्सर स्टडी ग्रुपच्या अभ्यासातल्या ६८६ स्त्रिया, काखेतल्या गाठींपर्यंत पोचलेला स्तनाचा कर्करोग (या गाठी खऱ्या, आपल्या स्प्लाइनच्या नव्हेत). २९९ जणींच्या बाबतीत घटना घडली, म्हणजे रोग उलटला किंवा मृत्यू आला. ३८७ सेन्सॉर्ड. एकूण निरीक्षणाचा काळ, सगळ्यांची वर्षं मिळून, २,११३ व्यक्ति-वर्षं. भागाकार केला तर दर १०० व्यक्ति-वर्षांमागे साधारण १४ घटना. एक्स्पोनेन्शियल मॉडेल हे १४ पहिल्या महिन्यालाही लावतं आणि सहाव्या वर्षालाही. आजाराच्या अंदाजानुसार या स्त्रियांचे चांगला, मध्यम आणि वाईट असे तीन जवळजवळ सारखे गट पाडलेले आहेत. वायबुल बसवून बघा : धोका चढतो आणि चढतच राहतो. आता के दोन ठेवून स्प्लाइन बसवा : धोका सुरुवातीला चढतो, माथा गाठतो आणि मग उतरायला लागतो. वाईट गटाच्या कॅप्लान-मायर आलेखावर (किती जणी घटनेविना उरल्या ते पायऱ्यांनी दाखवणारा) दोन्ही रेघा ठेवल्या की डोळ्यांनाच कळतं. वायबुलची रेघ सुरुवातीला पायऱ्यांच्या वर तरंगते आणि शेवटी त्यांच्या खाली घसरते, स्प्लाइन मात्र पायऱ्यांना चिकटून उतरते. आणि या वळणाचा अर्थ दवाखान्यात अगदी साधा आहे. पहिली काही वर्षं निभावून नेलेल्या बाईला ‘आता धोका आधीपेक्षा कमी आहे’ असं सांगता येतं. वायबुलवर विसंबलं असतं तर बरोबर उलटं सांगितलं असतं.

गाठी किती, हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. माझी रीत अशी की के एकपासून पाचपर्यंत सगळी मॉडेलं चालवायची, एआयसी आणि बीआयसी (जास्तीच्या गाठींचा दंड धरून मॉडेल किती चांगलं बसलं ते सांगणारे आकडे) मांडायचे, आणि मग आकड्यांकडे दुर्लक्ष करून आधी आलेख बघायचा. बहुतेक वेळा दोन-तीन गाठींनंतर सर्व्हायव्हलची, म्हणजे किती जण उरतात त्याची, रेघ हलायची थांबते, मग भांडायचं कशाला? यावर सिम्युलेशनने केलेला रदरफर्ड, क्रॉदर आणि लॅम्बर्ट यांचा २०१५चा अभ्यासही हेच म्हणतो : गाठी पुरेशा असल्या की नेमका आकडा फारसा महत्त्वाचा राहत नाही. पण ‘पुरेशा’ शब्द काही जणांना ‘भरपूर’ असा ऐकू येतो. एका निवासी डॉक्टरने ऐंशीएक पेशंटांच्या डेटावर सात गाठी मारून आणल्या होत्या. नाकापेक्षा मोती जड. धोक्याच्या आलेखाला उंटाच्या पाठीसारखे उंचवटे आले होते. “मॅडम, चौदाव्या महिन्यात नेमकं काय होत असेल?” तो खरोखर गंभीर होता. त्याने त्यावर चर्चेचा एक परिच्छेदही लिहून आणला होता, रोगप्रतिकारशक्तीबद्दल. चौदाव्या महिन्यात काय झालं होतं ते आम्ही मूळ यादीत बघितलं : तीन मृत्यू पाठोपाठ, आणि शेजारीच एक गाठ. के दोन केल्यावर उंचवटा गेला. परिच्छेदही गेला.

सर्व्हायव्हलची रेघ गुळगुळीत दिसली म्हणून हॅझर्डचीही तशीच असेल असं समजू नका, एवढं यातून घ्यावं. हॅझर्ड हा उतार आहे, आणि रेघेतला छोटासा कंपही उतारात मोठा होऊन दिसतो.

याच डॉक्टरने पुढच्या खेपेला गॅमांचा, म्हणजे पट्टीच्या समीकरणातल्या आकड्यांचा, तक्ता प्रबंधात टाकला. गॅमा ०, गॅमा १, गॅमा २, गॅमा ३, प्रत्येकासमोर मर्यादा. परीक्षकांनी विचारलं, गॅमा २ म्हणजे काय? तो गप्प. खरं तर गप्प राहणं हेच बरोबर उत्तर होतं. हे आकडे पट्टीच्या वाकण्याचे आहेत, एकेकट्याला वैद्यकीय अर्थ नाही. पॅकेज ते छापतं तेव्हा गटांच्या आकड्यांच्या पंक्तीतच छापतं, त्यामुळे नवख्याला वाटतं तेही निष्कर्षच. छापताना दोन्ही वेगळे ठेवले असते तर बरं झालं असतं.

आता ज्यासाठी मी या पॅकेजचे पैसे दिले असते (ते फुकट आहे) तो भाग. धोक्याचं गुणोत्तर काळाबरोबर बदलतं तेव्हा काय करायचं?

हे किती महत्त्वाचं आहे ते आयपास या चाचणीवरून कळतं. २००९ साली प्रसिद्ध झालेली, पूर्व आशियातले फुफ्फुसाच्या कर्करोगाचे १,२१७ पेशंट, एका बाजूला जेफिटिनिबच्या गोळ्या, दुसऱ्या बाजूला कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेलची केमोथेरपी. रोग वाढण्याचा किंवा मृत्यूचा हॅझर्ड रेशो ०.७४. वाचणारा म्हणेल, गोळी बरी. पण दोन आलेख एकमेकांना छेदतात. साधारण पहिले सहा महिने केमोथेरपीची रेघ वर आहे, पुढे गोळीची. मग ०.७४ हा कोणाचा धोका? पहिल्या सहा महिन्यांचाही नाही, नंतरचाही नाही. मागचं कारण ईजीएफआर जनुकातल्या बदलात होतं. तो बदल असलेल्या २६१ पेशंटांत रेशो ०.४८, नसलेल्या १७६ जणांत २.८५. एकाला तारणारी गोळी दुसऱ्याला मारक, आणि दोघांची सरासरी काढून आपण ०.७४ म्हणतो. मी शिकवताना हा आलेख दाखवते आणि कोणी काही बोलायच्या आत थोडा वेळ गप्प बसते.

घरच्या घरी करून बघायचं असेल तर ‘सर्व्हायव्हल’ पॅकेजमधला ‘व्हेटरन’ डेटा घ्या. फुफ्फुसाचा पुढे गेलेला कर्करोग असलेले १३७ पुरुष, त्यांतले १२८ मृत्यू. दाखल होताना कार्नोफ्स्की स्कोअर मोजलेला, म्हणजे पेशंट किती हिंडूफिरू शकतो, स्वतःचं स्वतः किती करू शकतो ते. कॉक्स बसवला तर स्कोअर जबरदस्त परिणामकारक. मग प्रपोर्शनल हॅझर्डची, म्हणजे गुणोत्तर काळभर सारखं राहतं का याची, तपासणी चालवा, ग्रॅम्ब्श आणि थर्नो यांची १९९४ची, आणि ती तितक्याच जोरात ओरडते. कारण कळायला डॉक्टर असावं लागत नाही. पहिल्या दिवशी पेशंट अंथरुणाला खिळलेला होता की चालत आला होता, याचा पहिल्या तीनेक महिन्यांत खूप फरक पडतो. त्यानंतर जे उरले त्यांच्याबद्दल तो जुना आकडा फारसं काही सांगत नाही. आजचा स्कोअर सांगेल, पण तो कोणी मोजलेला नाही.

फ्लेक्ससर्व्हमध्ये यासाठी ‘अँक’ आर्ग्युमेंट आहे. स्कोअरचा परिणाम गॅमा ०वर असतोच, तो गॅमा १ आणि गॅमा २वरही टाकायचा. म्हणजे स्कोअर बदलला की पट्टी नुसती वरखाली सरकत नाही, तिचं वळणही बदलतं. मग ‘समरी’ या फंक्शनला हव्या त्या दिवसांची यादी दिली की दिवसागणिक हॅझर्ड मिळतो, आणि दोन पेशंटांच्या हॅझर्डचा भागाकार काळासमोर मांडता येतो. एका आकड्याच्या जागी एक रेघ. सर्जनला ती रेघ दाखवल्यावर त्यांना ती माझ्या आधी समजते, हा माझा नेहमीचा अनुभव.

पण इथे एक मेख आहे आणि ती पुरेशी ठळक सांगितलेली मला कुठे दिसली नाही. दोन किंवा अधिक घटकांचे परिणाम असे काळाबरोबर बदलू दिले, की एका घटकाचा हॅझर्ड रेशो दुसऱ्याच्या किमतीवर अवलंबून राहतो, तुम्ही त्यांच्यात इंटरॅक्शन (एकाचा परिणाम दुसऱ्यावर अवलंबून ठेवणारं पद) घातलेलं नसलं तरी. मॉडेल साचलेल्या धोक्याच्या लॉगवर लिहिलंय, आपण वाचतो मात्र क्षणाचा धोका, त्यातून हे होतं. वय आणि स्टेज दोन्ही सैल सोडलेत तर ‘स्टेजचा रेशो’ म्हणून एकच रेघ काढू नका. कोणत्या वयाला, ते खाली लिहा.

आता कापलेल्या ताऱ्याकडे येते.

पहिली तक्रार ‘समरी’बद्दल. मॉडेलमध्ये सगळे घटक गटांचे असतील तर ते प्रत्येक गटाचा अंदाज देतं. एखादा जरी आकडी घटक आला, समजा वय, आणि तुम्ही पेशंट कोणता ते सांगितलं नाहीत, तर ते सगळ्या घटकांची सरासरी धरून एकच अंदाज देतं. सगळ्या म्हणजे गटांच्या शून्य-एकचीसुद्धा. त्यामुळे ५६.३ वर्षांचा, चाळीस टक्के बाई आणि साठ टक्के पुरुष असलेला, पावणेतीन टक्के दुसऱ्या टप्प्यातला असा एक पेशंट तयार होतो आणि त्याचा सुबक आलेख येतो. हे पॅकेज लपवत नाही, मदतपानावर स्पष्ट लिहिलंय. पण मदतपान वाचतं कोण? सुरुवातीला मीही असा एक आलेख देऊन बसले होते, खाली ‘सरासरी सर्व्हायव्हल’ असं लिहून. सरासरी पेशंटचं सर्व्हायव्हल आणि पेशंटांचं सरासरी सर्व्हायव्हल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी हवी असेल तर प्रत्येक पेशंटची रेघ काढून मग रेघांची सरासरी करायला हवी. त्यासाठी आता पॅकेजमध्येच ‘स्टँडसर्व्ह’ आहे आणि ते उत्तम आहे. सगळ्यांना औषध दिलं असतं तर, कोणालाच दिलं नसतं तर, आणि दोन्हींतला फरक अमुक वर्षांपर्यंत किती, हे मर्यादांसकट मिळतं. रिस्ट्रिक्टेड मीन सर्व्हायव्हल टाइमही तिथेच मिळतो, म्हणजे ‘पहिल्या पाच वर्षांत सरासरी किती महिने जास्त’ हे. पेशंटला सांगायला याहून सरळ आकडा मला माहीत नाही.

दुसरी तक्रार मर्यादांची. ९५ टक्के मर्यादा हे पॅकेज सिम्युलेशनने काढतं. अंदाजांच्या नॉर्मल वितरणातून आपणहून १,००० नमुने घेतं आणि त्यांच्या टक्केवारीवरून मर्यादा ठरवतं. म्हणजे तोच कोड पुन्हा चालवला की मर्यादा किंचित हलतात. एकदा माझ्या निबंधातल्या तक्त्यात खालची मर्यादा ०.६१ आणि आकृतीखाली ०.६२ गेली, कारण दोन्ही वेगवेगळ्या दिवशी चालवलेल्या. समीक्षकांच्या नजरेतून ते सुटलं नाही, आणि मला दोन पानांचं स्पष्टीकरण लिहावं लागलं. चूक सर्वस्वी माझी. कोडच्या पहिल्या ओळीत सीड, म्हणजे नमुने दर वेळी तेच यावेत म्हणून द्यायचा आकडा, ठरवून टाका आणि नमुने वाढवा, काम थोडं हळू होतं पण झोप लागते.

तिसरी, चुकांचे संदेश. मॉडेल अडलं की ‘व्हीएममिनमधली सुरुवातीची किंमत सांत नाही’ अशा अर्थाचं एक वाक्य लाल अक्षरांत येतं. हा संदेश आतल्या ऑप्टिमायझरचा, त्याला बिचाऱ्याला पेशंट वगैरे काही ठाऊक नाही. माझ्याकडे असा संदेश आला की मी आधी शून्य शोधते. दाखल झालेल्या दिवशीच गेलेला पेशंट काळाच्या रकान्यात शून्य दिवस म्हणून नोंदलेला असतो आणि शून्याचा लॉग निघत नाही. अर्धा दिवस द्यायचा, आणि दिला म्हणून पद्धतीच्या भागात लिहायचं. तो पेशंट काढून टाकायचा नाही. सगळ्यात लवकर गेलेल्यालाच यादीतून काढलं की सर्व्हायव्हल आपोआप सुधारतं! शून्य नसेल तर बघते की काळ दिवसांत आहे का. वर्षांत केला की गणित बरेचदा सुटतं. बसवलेलं मॉडेल दोन्ही एककांत तेच असतं, फक्त ऑप्टिमायझरला चढ सोपा जातो. त्यानेही नाही झालं तर गाठी कमी करते. आणि थोडक्या डेटावर क्वचित असंही होतं की पट्टी एखाद्या ठिकाणी खालच्या दिशेने वाकते, म्हणजे साचलेला धोका कमी होतो. हे अशक्य आहे, साचलेलं कसं कमी होईल? पट्टीवर ‘वरच जायचं’ असं बंधन घातलेलं नाही, त्याचा हा परिणाम. म्हणून हॅझर्डचा आलेख काढल्याशिवाय मी कुठलाच निकाल हातातून सोडत नाही.

आणि मघाचं ते टोक. शेवटच्या गाठीपलीकडे पट्टी सरळ होते, म्हणजे तिथून पुढे मॉडेल वायबुलसारखं वागतं. डेटाच्या आत याने काही बिघडत नाही. पण औषध परवडणारं आहे का हे ठरवणाऱ्यांना पाच वर्षांचा डेटा देऊन तीस वर्षांचं उत्तर हवं असतं. इंग्लंडमध्ये हेच ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेच्या कामासाठी २०२० साली याच लवचीक पद्धतींवर एक स्वतंत्र तांत्रिक दस्तऐवज निघाला, तो याच अडचणीमुळे. मी एकदा हौसेने शेपटी लांबवली. सत्तरीतल्या कर्करोगाच्या पेशंटांचं पंधरा वर्षांनंतरचं सर्व्हायव्हल आलं ते त्याच वयाच्या धडधाकट लोकांपेक्षा जास्त. कर्करोगाने माणूस दीर्घायुषी होतो हा शोध माझ्या नावावर लागता लागता राहिला. त्यानंतर मी ‘बीहॅझर्ड’ वापरते. सर्वसामान्य लोकसंख्येचा त्या वयाचा मृत्युदर आधी बाजूला ठेवायचा, आणि मॉडेलला फक्त रोगामुळे वाढलेला धोका शिकवायचा. शेपटी तरीही शेपटीच आहे, फक्त आता ती जमिनीवर राहते.

इंटरव्हल सेन्सॉरिंग चालतं : रोग दोन स्कॅनच्या मधे कधीतरी उलटला, नेमका दिवस माहीत नाही, चालेल. उशिरा दाखल झालेल्यांचं लेफ्ट ट्रंकेशनही चालतं. निदानानंतर चार महिन्यांनी तुमच्याकडे आलेला पेशंट ते चार महिने मरू शकत नव्हता, मेला असता तर तुमच्या यादीत आलाच नसता. हे न धरणारे निबंध अजूनही दिसतात. मल्टिस्टेटही (पेशंट एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जातो तेव्हाचं मॉडेल) आहे, त्यावर वेगळं लिहावं लागेल.

नाही ते काय, तर फ्रेल्टी. अनेक केंद्रांतून आलेले पेशंट, एकाच केंद्रातले एकमेकांसारखे, असा डेटा असेल तर फ्लेक्ससर्व्हकडे उत्तर नाही. तेव्हा मी ‘आर’मधल्याच ‘आरएसटीपीएम२’ या दुसऱ्या पॅकेजकडे जाते. ते कॅरोलिन्स्का संस्थेतल्या मार्क क्लेमेंट्स यांचं. मूळ कल्पना तीच, पण वेगवान, मर्यादा डेल्टा पद्धतीने, म्हणजे नमुने न घेता सूत्राने, काढतं त्यामुळे दर वेळी त्याच येतात, आणि गाठी मोजत बसायचा कंटाळा असेल तर पेनल्टी लावून वळण आपोआप आवरणारा प्रकारही त्यात आहे. मग तेच का नाही वापरत? कारण शिकवायला फ्लेक्ससर्व्ह बरं पडतं. त्यात स्प्लाइनशेजारी गॉम्पर्ट्झ, गॅमा, जनरलाइज्ड गॅमा सगळी एकाच साच्यात बसतात, आपलं स्वतःचं वितरणही जोडता येतं, आणि माहितीपत्रक माणसाने माणसासाठी लिहिल्यासारखं आहे. स्टेटा हे दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांकडे लॅम्बर्ट आणि रॉयस्टन यांचं ‘एसटीपीएम२’ २००९पासून आहे, त्यांनी माझं ऐकून घर बदलायची काही गरज नाही. आणि ज्यांचा प्रश्न फक्त ‘दोन उपचारांत फरक आहे का’ एवढाच आहे, आलेख समांतर चाललेत, दोन वर्षांनी किती हे कोणी विचारत नाही, त्यांनी खुशाल कॉक्स वापरावा. त्यांना रेशो दोन्हीकडे जवळजवळ तोच मिळेल.

शेवटची तक्रार अगदी क्षुल्लक आहे पण मला दर वेळी चिडवते. आलेख काढला की कॅप्लान-मायर काळ्या रंगात आणि मॉडेलच्या सगळ्या रेघा लाल. तीन गट असले तर तिन्ही लाल, कुठली कोणाची याची खूण नाही. त्या सर्जनना मी पहिल्यांदा हा आलेख दाखवला तेव्हा मला रंग बदलायचंही सुचलं नव्हतं. ते बराच वेळ बघत राहिले. “यातली माझी पेशंट कुठली?” मी मधल्या लाल रेघेवर पेनाने ठिपका काढला, दोन वर्षांवर उभी रेघ मारली आणि डावीकडे आकडा वाचून दाखवला, वरखालच्या मर्यादांसकट. त्यांनी तो तिच्या केसपेपरच्या मागे लिहून घेतला.